हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की बँकेत जाऊन सांगावं लागतं,
आहे मी अजून.
या वर्षी मेट्रोनं गेले, बर्डीपर्यंत.
मुलगा म्हणाला, ऑटोत हाडं खिळखिळी होतात तुझी.

टेलिफोन एक्सचेंज गेलं.
चितार ओळी आली, दारं उघडली, मिटली,
आणि खिडकीत, अगदी माझ्या डोळ्यांच्या रेषेत,
धकात्यांची गच्ची.

पन्नास वर्षं मी ती खालून पाहिली,
तीही चोरून, चप्पल नीट करायच्या निमित्तानं.
वरून ती कशी आहे हे ठाऊक असलेली माणसं दोनच,
मी आणि मधुसूदन.
असं मी धरून चालले होते.

भिंत छातीएवढी होती,
शपथेवर सांगितलं असतं मी.
भिंत गुडघ्याएवढी आहे.
आणि जुनीच आहे, कोपऱ्यात तोच लोखंडी हूक.
गिरणीवाल्याच्या माडीचं दार सरळ तिच्यावर उघडतं.
उपलेंचवारांचं स्वयंपाकघर, समोर.
आणि आमची मागची खिडकी,
जिथे बसून आई तांदूळ निवडायची, दुपारभर.

आडोसा होता तो फक्त ओल्या सुताचा.
त्यांच्या मागासाठी रंगवलेल्या लड्या,
वांगी, डाळिंबी, बांबूवर ओळीनं टाकलेल्या.
वारा आला की बाजूला व्हायच्या.
मे महिन्यातला नागपूरचा वारा, बाप्पा,
तो काय आम्हाला विचारून येणार होता?

एकदा पदराला डाग पडला, वांगी.
आईनं काही विचारलं नाही, रिठ्यात भिजवला.
म्हणाली, कच्चा असेल तर निघेल.
पक्का असला तर राहू दे.
मी म्हटलं, नवं पातळ आहे गं.

आणि बाबा.
शाळेतून यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच
सायकलची घंटी वाजवत यायचे,
समोर कुत्रंही नसायचं.
आम्ही हसायचो त्यांना.
घंटी ऐकली की मी जिना उतरायचे,
ते पोचेपर्यंत माठाजवळ उभी.
पाणी दे गं, म्हणायचे, आणि माझ्याकडे न बघता प्यायचे.

गाडी आठ सेकंदांत पुढे गेली.
अग्रसेन चौक. दोसर वैश्य चौक.
मी उतरायचं ते स्टेशन कोणतं, हेच आठवेना.

हातमाग बसले तेव्हा तो इचलकरंजीला निघाला.
गाडीची वेळ सांगितली. दोन तिकिटं, म्हणाला.
मी म्हटलं, घरचे जीव घेतील माझा.
त्यानं वाद घातला नाही.
एक लडी उलटवली, ओली बाजू उन्हाकडे केली,
बरं, म्हणाला.

जीव घेतील.
हे वाक्य मी इतकं जपलं
की लग्नाच्या चौथ्या वर्षी यांनाही सांगितलं, रडत.
हे चांगले आहेत. पाठीवरून हात फिरवला.
आणि त्यानंतर माझ्या वडिलांशी
कधी दोन शब्द सरळ बोलले नाहीत.
दिवाळीला बाबा संत्र्यांची करंडी घेऊन यायचे,
हे पेपर उघडून बसायचे.
बाबा गेले ते ब्याण्णवमध्ये,
जावयाचं काय चुकलं की आपलं, हे न कळता.

बँकेत मशीन माझा अंगठा घेईना.
रेषा झिजल्या आजी, पोरगा म्हणाला, पुसा जरा, पुन्हा ठेवा.
तीनदा ठेवला. चौथ्यांदा हिरवा दिवा लागला.

परत येताना त्या बाजूला बसले नाही.
बसले. आता खोटं कशाला?
गच्चीवर ताडपत्रीत बांधलेला कूलर, एक टायर,
वाळत घातलेली कुणाची तरी शाळेची गणवेशाची पँट.

घरी हे व्हरांड्यात, पेपर घेऊन.
मी चहा टाकला. आलं ठेचलं, गरजेपेक्षा जास्त वेळ.
सांगायचं होतं, अहो, बाबांनी काही केलं नव्हतं.
कुणीच काही केलं नव्हतं.
मी घाबरले होते, आणि नाव त्यांचं सांगितलं.

कप ठेवला त्यांच्यासमोर.
झालं का काम, त्यांनी विचारलं.
बसते, म्हटलं मी. पेपर बाजूला ठेवा जरा.